हप्ता आला नाही? आधी पैसे कुठं अडकलेत ते बघा, मग तालुक्याची एसटी पकडा

पीएम किसानचा हप्ता पडला की गावात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक पासबुक घेऊन बँकेकडं निघालेली, आणि दुसरी पारावर बसून "त्याचा आला, माझा कसा नाय आला" म्हणणारी. हे सगळं दुसऱ्या गटासाठी लिहितोय. मी अधिकारी नाही, एजंट तर अजिबात नाही, घरातल्या आणि भावकीतल्या लोकांचे मोबाईल हातात घेऊन घेऊन जे कळलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवा. सरकारी पैसा खात्यात यायच्या आधी चार-पाच ठिकाणांवरून जातो आणि त्या प्रत्येक ठिकाणाचं ऑफिस वेगळं असतं. जमिनीची नोंद तहसीलकडं, केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) तुमच्या स्वतःच्या हातात किंवा सीएससीवाल्याकडं (गावातलं ऑनलाइन सेवा केंद्र), पीएम किसानची तपासणी कृषी खात्याकडं, आधारला कुठलं खातं जोडलंय ते बँकेकडं, आणि शेवटी पैसे सोडायचं काम वरचं, तिथं आपला काही हात पोचत नाही. आपण करतो काय, तर हप्ता आला नाही म्हटलं की सरळ तलाठ्याकडं. तो म्हणतो कृषीत जा, कृषीवाले म्हणतात बँकेत जा, बँकवाला म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे. त्यातला खोटं कुणीच बोलत नसतं, आपणच चुकीच्या दारात उभे असतो.

आमच्या चुलत्यांचं असंच झालं. चार हप्ते नाहीत. सात चकरा झाल्या तालुक्याला, म्हणजे सात दिवसांची मजुरी गेली, वर प्रत्येक वेळी झेरॉक्स, कारण जाल तिथं आधारची झेरॉक्स मागतात. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर बसून मोबाईलवर बघितलं तर पैसे आलेले! चारही हप्ते आलेले. फक्त दुसऱ्याच खात्यात, जे खातं काही वर्षांपूर्वी गावात कॅम्प लागला तेव्हा अंगठा लावून उघडलं होतं आणि ज्याचं पासबुक कुठं आहे ते काकूलाही माहीत नव्हतं. आठ हजार रुपये तिथं पडून होते. तेव्हापासून माझा नियम एकच, आधी मोबाईल मग एसटी.

तर सुरुवात स्टेटस बघण्यापासून. पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर जा, तिथं खाली 'नो युवर स्टेटस' असं बटण आहे. त्याला रजिस्ट्रेशन नंबर लागतो. तो कुणाच्याच लक्षात नसतो, पण त्याच पानावर मोबाईल नंबर किंवा आधार नंबर टाकून तो शोधता येतो. एकदा मिळाला की पासबुकाच्या पहिल्या पानावर पेनानं लिहून ठेवा, मोबाईलमधे सेव्ह करू नका, मोबाईल पोरं बदलतात. नंबर टाकला, ओटीपी टाकला की पान उघडतं आणि त्यात तीन ओळी बघायच्या. लँड सीडिंग म्हणजे जमिनीची नोंद जोडलीय का, ई-केवायसी, आणि आधार बँक अकाउंट सीडिंग म्हणजे आधारला बँक खातं जोडलंय का. तिन्हीपुढं येस पाहिजे. एकापुढं जरी नो दिसलं तर तुमचं दार सापडलं, बाकीची ऑफिसं फिरायची गरज नाही. या पानाचा स्क्रीनशॉट काढा किंवा सीएससीतून प्रिंट घ्या, कारण ऑफिसात गेल्यावर "माझा हप्ता येत नाही" म्हणणाऱ्या माणसाला आणि "माझं लँड सीडिंग नो दाखवतंय" म्हणणाऱ्या माणसाला वेगवेगळी वागणूक मिळते, हे मी डोळ्यानं बघितलंय.

त्याच पानावर खाली कुठला हप्ता कधी आणि कुठल्या बँकेत गेला तेही दिसतं. खात्याचे शेवटचे आकडे असतात. आमच्या चुलत्यांचा उलगडा तिथंच झाला.

केवायसी सगळ्यात सोपी, त्यामुळं पटकन सांगतो. आधारला मोबाईल लिंक असेल तर साइटवर ओटीपीनं घरबसल्या होते. लिंक नसेल तर सीएससीत अंगठा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उठत नाहीत, आयुष्यभर खुरपं धरलेल्या हातावर रेघा कुठून राहणार, त्यांच्यासाठी पीएम किसानच्या मोबाईल ॲपमधे चेहरा दाखवून केवायसी होते. आजीला ओट्यावर उजेडात बसवा, चष्मा काढायला सांगा, डोळे मिचकवायला सांगा, दोन-तीन वेळा फेल जातं मग होतं. ॲप मात्र प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल फिरत असते, कधी कधी ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनच येते कारण त्याचा फोन आधीच हॅक झालेला असतो, ती उघडली की तुमचे मेसेज दुसरीकडं जायला लागतात आणि बँकेचे ओटीपी पण. सरकार कुणालाच व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. आलं तर डिलीट मारा, आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगा.

आता बँक. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात त्यामुळं जरा निवांत वाचा.

आधार बँकेला लिंक असणं आणि आधारवर डीबीटी (सरकारी पैसा थेट खात्यात) चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही बँकेत आधारची झेरॉक्स दिली, त्यांनी खात्याला आधार नंबर जोडला, ही झाली केवायसी. असं आधार तुमच्या पाच खात्यांना जोडलेलं असू शकतं. पण सरकार पैसे पाठवताना खाते नंबर बघतच नाही, आधार नंबर बघतं, आणि त्या आधारला कुठली बँक लावलीय हे एनपीसीआय नावाच्या संस्थेच्या यादीत लिहिलेलं असतं. त्या यादीत एका आधारपुढं एकच बँक असते. शेवटी जिथं संमती दिली ती. म्हणजे तुम्ही जिल्हा बँकेत तीस वर्षं व्यवहार करत असाल पण मागच्या वर्षी पोस्टात खातं काढताना किंवा कुठल्या तरी कॅम्पमधे टॅबवर अंगठा लावताना हो म्हणालात, तर इथून पुढं सगळं अनुदान तिकडं जाणार. पीएम किसान, अतिवृष्टीचे पैसे, ठिबकचं अनुदान, सगळं.

बघायचं कसं? माय आधारच्या साइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, आत 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे. तिथं बँकेचं नाव येईल आणि ॲक्टिव्ह आहे का इनॲक्टिव्ह ते येईल. नाव बघून बरेच लोक म्हणतात ही बँक माझी नाहीच. असते बाबांनो, तुमचीच असते, आठवा जरा.

मग दोन रस्ते आहेत. ती बँक जवळ असेल, खातं चालू असेल तर पैसे तिथून काढा आणि तेच खातं वापरा, काही बदलू नका. दुसरा रस्ता म्हणजे तुमच्या नेहमीच्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा. इथं शब्द नीट वापरा. "आधार लिंक करा" म्हणालात तर क्लार्क कॉम्प्युटरवर बघून सांगेल की लिंक आहे, आणि तुम्ही परत. "डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅपिंग करा" असं म्हणा, फॉर्मवर जुन्या बँकेचं नाव लिहायची जागा असते तिथं माय आधारवर दिसलेलं नाव लिहा. पोच घ्या. चार-आठ दिवसांनी परत माय आधारवर बघा. एनपीसीआयच्या साइटवरून ऑनलाइन पण करता येतं पण सगळ्या बँकांचं चालत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचं खातं सहकारी बँकेत असतं तेव्हा ब्रँचलाच गेलेलं बरं.

आणि एक. खात्यात दोन-चार वर्षं व्यवहारच नसेल तर बँक ते निष्क्रिय करून ठेवू शकते, मग अडचण येऊ शकते. वर्षातून एकदा तरी शंभर रुपये टाका, काढा, खातं जिवंत ठेवा.

जमिनीकडं येऊ. लँड सीडिंग नो असेल तर कारण बहुतेक वेळा सातबाऱ्यात असतं. डिजिटल सातबारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपयांत निघतो, सहीशिक्क्याची गरज नाही, तोच सगळीकडं चालतो. आठ-अ (तुमच्या नावावरच्या जमिनीचा खाते उतारा) पण काढा. काढल्यावर नाव अक्षर न् अक्षर आधारशी ताडून बघा. सातबाऱ्यावर दत्तू आणि आधारवर दत्तात्रय, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव गळालेलं, आडनावात 'ळ'चा 'ल' झालेला, असल्या किती गोष्टी सांगू. सातबारा हस्तलिखित होता तो कॉम्प्युटरवर चढवताना झालेल्या टायपिंगच्या चुका असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करून दुरुस्त होतात, अर्जासोबत जुना हस्तलिखित उतारा आणि ती नोंद ज्यानं चढली तो फेरफार जोडावा लागतो. पण जर सातबारा बरोबर आणि आधार चुकीचं असेल तर आधार दुरुस्त करा, ते लवकर होतं. कुठलं बदलायचं ते ठरवताना बँक पासबुकावर आणि पॅनवर कुठलं नाव आहे ते बघा, ज्या नावाचे कागद जास्त त्या बाजूला जा.

वारस नोंद हा तर मोठा घोळ. वडील जाऊन सहा वर्षं झाली, जमीन तिघं भाऊ कसतात, सातबाऱ्यावर अजून वडीलच. का लावली नाही वारस नोंद तर "आमच्यात भांडण नाहीत ना, काय घाई आहे." भांडण नाहीत म्हणूनच आत्ता लावा! वारस नोंदीला वाटप करावं लागत नाही, नुसती नावं चढतात, बहिणींची पण चढतात आणि चढायलाच पाहिजेत, ते लपवून केलेले अर्ज नंतर अंगावर येतात. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, आणि अर्ज. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज होतो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. पीएम किसानला नियम असा की जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर पाहिजे, त्यानंतर नावावर आली असेल तर फक्त वारसानं आलेली चालते, विकत घेतलेली किंवा बक्षीसपत्राची चालत नाही. म्हणून नवीन अर्ज करताना वारसाचा फेरफार जोडायचाच. आणि वडिलांच्या नावानं हप्ते येतच असतील तर ते गुपचूप काढत राहू नका, मयत माणसाच्या खात्यात आलेले हप्ते सरकार परत मागतं.

कुणाला मिळत नाही तेही सांगून टाकतो कारण दर वेळी यावरून वाद होतो. योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरपर्यंतच्याच शेतकऱ्यांना होती, त्याच वर्षी ती अट काढली, त्यामुळं आता जमीन किती हा प्रश्न नाही. पण घर एक धरतात, म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं मिळून एकच लाभार्थी. नवऱ्याच्या नावावर दोन एकर आणि बायकोच्या नावावर दोन एकर म्हणून दोघांनी घेतलं असेल तर एकाचं बंद होणार, आता ते आधार आणि रेशन कार्डवरून पकडतात. मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला असेल तर नाही. इथं एक खोच आहे, रिटर्न फाइल करणं वेगळं आणि टॅक्स भरणं वेगळं, पण पोरानं लोनसाठी म्हणून वडिलांच्या नावानं रिटर्न भरली आणि त्यात थोडाफार टॅक्स बसला की हप्ता बंद, वर वसुलीची नोटीस. सरकारी नोकर नाही, फक्त चतुर्थ श्रेणी वगळून. पेन्शन महिन्याला १०,००० किंवा जास्त असेल तर नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए प्रॅक्टिस करत असतील तर नाही. आमदार, खासदार, महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष, आजी असो माजी असो, नाही.

पैसे किती ते सगळ्यांना माहितीय, वर्षाला ६०००, तीन हप्त्यांत २००० प्रमाणे. आणि आपल्या राज्याचं नमो शेतकरी महासन्मान निधीचं वेगळं ६०००, ज्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सोडला होता. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानची यादी तीच नमोची यादी. म्हणून कुणी "नमोचा फॉर्म भरून देतो, शंभर रुपये द्या" म्हणत असेल तर चहा पाजून वाटेला लावा. दोन्ही हप्ते एकाच दिवशी येतातच असं नाही, ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला एकदम सोडले होते, एरवी पुढं-मागं होतं. नमोचं स्टेटस बघायची साइट वेगळी आहे पण रजिस्ट्रेशन नंबर पीएम किसानचाच लागतो.

स्टेटसमधे तिन्ही येस आहेत आणि तरी पैसे नाहीत, तर हप्त्याच्या पुढं काय लिहिलंय ते वाचा. 'एफटीओ जनरेटेड' लिहिलं असेल तर पैसे पाठवायचा आदेश निघालाय, थांबा, येतील. पेमेंट फेल असं लिहून कारण दिलेलं असेल तर ते बहुतेक बँकेचंच असतं, वर सांगितलेलं परत करा. हेल्पलाइन १५५२६१ आहे, लागायला वेळ लागतो, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या प्रयत्न करा.

फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक. हे नवीन आहे आणि टाळता येत नाही. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या शेतीच्या योजनांना फार्मर आयडी बंधनकारक केलाय. फुकट निघतो, ॲग्रीस्टॅकच्या साइटवर स्वतः किंवा सीएससीत, आधार, आधारला लिंक मोबाईल आणि सातबारा एवढंच लागतं. काढताना लोक एक चूक करतात, ज्या गावात राहतात तिथलाच गट नंबर टाकून मोकळे होतात. तुमची जमीन दुसऱ्या गावात असेल, सासुरवाडीकडं तुमच्या नावावर असेल, धरणात गेलेल्याच्या बदल्यात तिसऱ्या तालुक्यात मिळालेली असेल, जे जे तुमच्या स्वतःच्या नावावर आहे ते सगळे गट त्याच आयडीत घाला. नाहीतर अतिवृष्टीचे पैसे यायची वेळ आली की त्या गटाचं क्षेत्रच दिसत नाही. सामायिक सातबारा असेल तर प्रत्येक खातेदाराचा आयडी वेगळा, एका भावानं काढला म्हणजे सगळ्यांचा झाला असं नाही. अर्ज केला की लगेच आयडी येत नाही, महसूलकडून मंजुरी होते, नावात फरक असेल तर तिथंच अडकतो. परत तेच, सातबारा आणि आधार.

आता नुकसान भरपाई. यात दोन गोष्टींची लोक कायम भेळ करतात. पीक विमा वेगळा आणि अतिवृष्टीचं अनुदान वेगळं. विमा तुम्ही हप्ता भरून घेतलेला असतो, कंपनी देते. खरीप २०२३ पासून तो एक रुपयात होता, खरीप २०२५ पासून ते बंद झालं, आता शेतकऱ्याला विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के भरावे लागतात. भरला नसेल तर विमा नाही, विषय संपला. अतिवृष्टीचं अनुदान मात्र सरकारी मदत आहे, त्याला काही भरलेलं नसलं तरी मिळतं, फक्त पंचनाम्यात नाव पाहिजे.

पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. (नावं बदललीत त्यांची, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी, पण गावात कोण म्हणतंय.) पाणी शिरलं की त्याच दिवशी फोटो काढा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून, आणि फोटोत बांध, विहीर, झाड असं काहीतरी ओळखू येणारं येऊ द्या, नुसतं पाण्यात बुडालेलं सोयाबीन सगळ्या गावाचं सारखंच दिसतं. पंचनाम्याला लोक आले की शेतात हजर राहा. घरी बसून "टाका की माझं पण" म्हणणाऱ्यांचं क्षेत्र कमी लागतं आणि मग वर्षभर शिव्या. केंद्राच्या निकषात दर हेक्टरी जिरायतला ८५००, बागायतला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी कधी यात वाढ करतं, त्याचा जीआर (शासन निर्णय) निघतो, टीव्हीवरच्या घोषणेवर हिशेब करू नका, जीआर वाचा.

आता तुमची द्राक्षबाग आहे पण सातबाऱ्यावर पीक ज्वारी लागलंय, तर तुम्ही बहुवार्षिक कुठून ठरणार? म्हणून ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालू आहे तरी अजून लोक "ते तलाठी करतो" म्हणतात. स्वतः शेतात उभं राहून ॲपवर फोटो टाकायचा, दर हंगामात, मुदतीत. हमीभावाच्या खरेदीला, विम्याला, मदतीला, सगळीकडं ती बघतात. रेंज नसते हे खरंय. आमच्याकडं एकच टेकाड आहे जिथं दोन कांड्या येतात, पण फोटो शेतातच काढायला लागतो. मग फोटो शेतात काढून ठेवायचा आणि रेंजमधे आल्यावर अपलोड करायचा, तेवढी सोय ॲपमधे आहे.

मदतीची यादी लागली की तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक असतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. केवायसी मागितली असेल तर तो घेऊन सीएससीत जायचं, खाते नंबर नीट तपासून मगच अंगठा लावायचा, फार्मर आयडी झालेल्यांना मात्र बऱ्याचदा हे करावं लागत नाही. सामायिक क्षेत्राला बाकीच्या भावांचं संमतीपत्र लागतं, ते दिवाळीला सगळे गावी आले की करून घ्या, नंतर एक पुण्यात, एक सुरतेला, सह्या गोळा करण्यात महिना जातो.

आणि बँकेनं हे पैसे कर्जात वळते केले किंवा खात्याला होल्ड लावला तर गप्प बसू नका. मदतीच्या जीआरमधेच लिहिलेलं असतं की ही रक्कम कर्ज खात्यात किंवा कुठल्या वसुलीत वळती करू नये. त्या ओळीवर पेनानं खूण करून प्रिंट मॅनेजरसमोर ठेवा, लेखी अर्ज द्या, पोच मागा. नाही ऐकलं तर तहसीलदार आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडं एकेक प्रत. माझ्यासमोर दोन जणांचा होल्ड नुसत्या त्या प्रिंटवर उठलाय, आवाज न वाढवता.

ठिबक, तुषार, अवजारं, याचं अनुदान महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वी लॉटरी लागायची, २०२५ पासून आधी अर्ज करेल त्याला आधी असं केलंय, म्हणजे पोर्टल उघडल्यावर झोपून चालत नाही. अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे, सीएससीवाला त्याचे वेगळे घेईल पण पाचशे मागत असेल तर उठा तिथून. ठिबकला केंद्राचं आणि राज्याचं पूरक मिळून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के. पण ते टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाहीत, हा फरक दुकानदार कधीच सांगत नाही. त्यामुळं "८० टक्के फुकट" ऐकून जाल तर खिशातून ठरवल्यापेक्षा जास्तच जातील.

यात एकच मोठी चूक होते, पूर्वसंमती यायच्या आधी माल आणणं. हंगाम चालू झालाय, पाणी द्यायचंय, दुकानदार म्हणतो "घेऊन जा, संमती काय येतीच." नका आणू. बिलाची तारीख संमतीच्या आधीची असली की अर्ज बाद, आणि मग कुणाच्या पाया पडून उपयोग नाही, पोर्टलच घेत नाही. संमती आली, मग अधिकृत विक्रेत्याकडून माल, पक्कं जीएसटी बिल, पैसे खात्यावरून द्या रोख नको, बिल मुदतीत अपलोड, मग मोका तपासणीला माणूस येतो, शेतात फोटो काढतो, मग अनुदान. ते यायला महिने लागतात, कधी वर्षही जातं, त्यामुळं या पैशावर कुणाचं देणं ठरवू नका. लग्न तर नकोच.

कुठंही अर्ज दिला तरी आवक-जावकमधे शिक्का मारलेली दुसरी प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. "ठेवून जा, बघतो" म्हणजे अर्ज दिलेलाच नाही असं धरा. महिना-दीड महिना काहीच हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, आणि त्यात तक्रार लिहू नका, फक्त विचारा की अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या टेबलावर काय कारवाई झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या भावकीतल्या एकाचा नावदुरुस्तीचा अर्ज नऊ महिने पडून होता, असा अर्ज टाकल्यावर उत्तर येण्याआधी आदेशच आला.